ड्रममागे कोण बसलंय?

ओझी ऑस्बोर्न गेल्याची बातमी २२ जुलै २०२५ला आली आणि तिने आधीच्या सतरा दिवसांचा अर्थच बदलून टाकला. ५ जुलैला तो बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर गायला होता, तेही एका काळ्या सिंहासनावर बसून, कारण पार्किन्सन्सने त्याचं उभं राहणं हिरावून घेतलं होतं. शेवटच्या चार गाण्यांसाठी त्याच्याबरोबर टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड आले. त्याच मैदानाभोवतीच्या ॲस्टन या कामगारवस्तीतल्या ज्या चार पोरांनी १९६८ साली पुढे ‘ब्लॅक सबाथ’ झालेला बँड काढला, तेच हे चौघे. सगळ्यांनी पंचाहत्तरी गाठलेली, आणि २००५नंतर पहिल्यांदाच एका मंचावर. अशा प्रत्येक पुनर्भेटीनंतर ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, जुने दिवस परत आले. दुसरा म्हणतो, वेळीच थांबायला हवं होतं. दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते, ती म्हणजे रॉकमधला तरुण जोर हा वाजवणाऱ्याच्या शरीरात साठवलेला असतो आणि वयाबरोबर आटत जातो. मला हे मान्य नाही. चार माणसं एकमेकांचं किती कान देऊन ऐकतात आणि त्या रात्री त्यांनी काय पणाला लावलंय, यातून तो जोर उभा राहतो. म्हणूनच साठीनंतरही तो परत येऊ शकतो. आणि म्हणूनच, दौरा लांबला की तो बहुतेक वेळा पुन्हा हातचा जातो.

याचा सगळ्यात चोख पुरावा ‘लेड झेपलिन’ने दिलाय. त्यांचा ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८०ला वारला आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी बँड बंद केला. पाच वर्षांनी, १३ जुलै १९८५ला, ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते फिलाडेल्फियात एकत्र आले. रॉबर्ट प्लांट तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, जॉन पॉल जोन्स एकोणचाळीस, जिमी पेज एक्केचाळीस. म्हणजे कुठल्याही हिशेबाने ऐन उमेदीतले. ड्रमवर दोघे होते, टोनी थॉम्पसन आणि त्याच दिवशी लंडनमध्ये गाऊन कॉन्कॉर्डने अटलांटिक ओलांडून आलेला फिल कॉलिन्स. त्या तीन गाण्यांचं ध्वनिमुद्रण आज ऐकलं तर अंगावर येतं. गिटार सुरात नाही, प्लांटचा आवाज बसलेला, आणि दोन ड्रमर दोन वेगळ्या गाण्यांत असल्यासारखे. हे वादन पुढे अधिकृत संचात घालायला बँडनेच नकार दिला. आता त्याच तिघांना २२ वर्षांनी ऐका. १० डिसेंबर २००७, लंडनचं ओटू सभागृह, त्यांच्या अटलांटिक रेकॉर्ड्स कंपनीचे संस्थापक अहमत एर्तेगुन यांच्या स्मरणार्थ झालेला कार्यक्रम. प्लांट एकोणसाठ, जोन्स एकसष्ट, पेज त्रेसष्ट, आणि ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. ‘सेलिब्रेशन डे’ या नावाने ती रात्र २०१२ साली पडद्यावर आली. तीत जे ऐकू येतं त्याला जोर हाच शब्द लावावा लागतो, आणि तो पोक्त, जपून वापरलेला जोर नाही. धडका देणारा आहे. छत्तिशीत जे जमलं नाही ते साठीला टेकल्यावर जमलं. तरुणपण वयात असतं असं मानणाऱ्यांनी या दोन रात्रींचा मेळ घालून दाखवावा.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे. एकाच रात्रीचा कार्यक्रम, जगभरातून तिकिटांसाठी आलेल्या मागण्यांचा पूर, दोन तासांपुरता सगळा जीव ओतायचा. यात माणूस वयापलीकडे जातोच. पण मग फिलाडेल्फियाही एकच रात्र होती. मे १९८८मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सच्या चाळिसाव्या वर्षाचा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रमही एकच रात्र होता, त्यातही जेसन होता, आणि तोही फसला. त्यामुळे केवळ एकुलती असल्याने रात्रीला काही वजन येत नाही. २००७मध्ये फरक पडला तो तालमीने. कित्येक आठवडे ते एकत्र वाजवत होते. पेजचं बोट मोडल्यामुळे कार्यक्रम नोव्हेंबरातून डिसेंबरात ढकलावा लागला, तरी त्यांनी तो रद्द केला नाही किंवा कसाबसा उरकलाही नाही. आणि चित्रफितीत एक गोष्ट सतत दिसते, मी पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जातो. एवढा प्रशस्त मंच, पण तिघे म्हातारे बराच वेळ ड्रमच्या पुढ्यात, एका खोलीत मावतील इतके दाटीने उभे आहेत. पेजची नजर गिटारवर नाही, प्रेक्षकांवर नाही, जेसनच्या हातांवर आहे. त्यांनी सुरुवातीलाच वाजवलेलं गाणं त्यांच्या पहिल्या अल्बममधलं, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. त्यात बॉनम एकाच पायाने, एकाच पेडलवर, बास ड्रमचे भराभर तुकडे घेतो. भले भले ड्रमर आधी ते दोन पायांचं काम समजले होते. कार्यक्रमाच्या पहिल्याच मिनिटात मुलाला वडिलांच्या सर्वांत अवघड जागेसमोर उभं करायचं, ही सुरक्षित निवड नव्हे. तिथे घसरला असता तर पुढचे दोन तास सगळ्यांच्या मानगुटीवर बसले असते. मी पणाला लावणं म्हणतो ते हे.

शरीराचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. वयाबरोबर स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होतात, स्वरतंतूंचे स्नायू क्षीण होतात, दमसास कमी होतो. पंचविशीत तारसप्तकात किंचाळून मारलेली जागा साठीत घशाला परवडत नाही. कान जातात, ‘एसी/डीसी’चा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला होता. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पट्टी उतरवणं. ओटूमधली काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवलेली आहेत. जाणकार हे ओळखतात आणि कमीपणा मानतात. मला त्यात काहीही वावगं दिसत नाही, आणि याचं कारण ‘ब्लॅक सबाथ’च्याच इतिहासात आहे. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तोडली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. आणि १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पासून गिटारच्या तारा दीड स्वराने सैल केल्या, की दुखऱ्या बोटांना त्या दाबता याव्यात. ज्या जड, खोल, पोटात घुमणाऱ्या आवाजातून पुढे हेवी मेटल नावाचं अख्खं घराणं निघालं, त्याच्या मुळाशी एका पोराची जायबंदी बोटं आहेत. ज्याला आपण तरुण रॉकचा अस्सल जोर म्हणतो, त्यातला निदान एक मोठा भाग पहिल्यापासूनच शरीराच्या उणिवेशी केलेली तडजोड होता. तेविशीत बोटांसाठी तारा उतरवल्या तर ती प्रतिभा, आणि साठीत गळ्यासाठी उतरवल्या तर ती लबाडी, हा न्याय मला पटत नाही.

मला लबाडी वाटते ती वेगळीच. गायकाच्या थकलेल्या आवाजाखाली आधीच मुद्रित केलेला त्याचाच आवाज हळूच सोडायचा. मागच्या अवाढव्य पडद्यावर वीस वर्षांच्या पोरांच्या चित्रफिती चालवायच्या, म्हणजे समोरच्या म्हाताऱ्यांकडे कुणी पाहायलाच नको. प्रत्येक ठोका संगणकाच्या टिकटिकीला बांधून टाकायचा, म्हणजे चूक होण्याची शक्यताच उरणार नाही. या युक्त्यांनी वय झाकलं जातं, पण त्याबरोबर जोरही जातो, कारण जिथे काही चुकूच शकत नाही तिथे कुणाला कुणाचं ऐकायची गरज उरत नाही. ओझीचा आवाज व्हिला पार्कला जागोजागी डळमळला आणि तो तसाच ऐकू येत होता. त्या रात्रीच्या बाजूने बोलणारी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पट्टी गायकाला उतरवता येते, तारा गिटारवाल्याला सैल करता येतात. ड्रमरला काय करता येतं? त्याच्या वाद्याला पट्टी नाही. लय उतरवली तर गाणंच बसतं. मनगटं, खांदे, कंबर, घोटे, सगळं दोन तास एकाच चालीत चालायला हवं, आणि हात किंचित उशिरा पडला की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळतं, मग ते का कळलं हे सांगता न येवो. बँडचं वय प्रथम ड्रमवर दिसतं. म्हणून कुठल्याही पुनर्भेटीची जाहिरात झाली की लोक विचारतात, गायकाचा आवाज टिकलाय का? मला पहिला प्रश्न पडतो, ड्रममागे कोण बसलंय? ‘रोलिंग स्टोन्स’ एप्रिल २००३मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर वाजवून गेले तेव्हा मिक जॅगर एकोणसाठ वर्षांचा होता, ओटूमधल्या प्लांटच्याच वयाचा, आणि त्याच्या मागे बसलेला चार्ली वॉट्स एकसष्ट. सगळे जॅगरच्या पळण्याकडे बघत. पण वॉट्सचे हात बघायला हवेत. डावा हात स्नेअरवर आघात करतो तेव्हा उजवा हात हाय-हॅटवरून अलगद उचलला जातो, ठोका सोडून देतो. बाकीचे ड्रमर दोन्ही हात एकत्र टाकतात; वॉट्स तिथे जागा मोकळी ठेवायचा. जॅझ ऐकत वाढलेल्या या माणसाने ताकदीवर कधी भिस्तच ठेवली नव्हती, त्यामुळे ताकद कमी झाल्यावर त्याचं फारसं काही बिघडलं नाही. तो २४ ऑगस्ट २०२१ला गेला. बँड स्टीव्ह जॉर्डनला घेऊन पुढे चालू आहे, छान वाजवतो, पण ती सोडलेली जागा आता नाही.

मुंबईचा विषय निघाला म्हणून सांगायलाच हवं. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. इथल्या एका स्टुडिओत त्यांनी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या वादकांना गोळा केलं आणि स्वतःची दोन गाणी त्यांच्याबरोबर वाजवून पाहिली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. दुसऱ्या गाण्याचं नाव बॉनमवरून आहे. मूळ मुद्रणात त्याने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं होतं. मुंबईत बॉनम नव्हता. त्याच्या चार काठ्यांच्या जागी तबला होता. ही मुद्रणं बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. ऐकताना जाणवतं की तबलजी बॉनमची नक्कल करायच्या फंदात पडलेला नाही. तो गाणं आपल्या अंगाने धरतो, आणि गाणं बदलतं. बॉनम हयात असताना, दोन विशीतल्या पोरांनी त्याच्याशिवाय वाजवून बघितलेलं हे त्याचं गाणं. बँड म्हणजे ठरावीक माणसांचा ठरावीक आवाज, हा आग्रह पुढे चाहत्यांनी धरला; ती पोरं स्वतः तेव्हा कितीतरी मोकळी होती.

आता पैशाचा आक्षेप. पुनर्भेटीचे दौरे पैशासाठी होतात, म्हणून ते निर्जीव असतात, असं सरसकट म्हटलं जातं. पहिला भाग बहुतेकदा खरा असतो. ‘सेक्स पिस्टल्स’नी १९९६च्या दौऱ्याच्या नावातच घाणेरडी कमाई असा उल्लेख करून टाकला होता. ‘ईगल्स’ १९९४मध्ये एकत्र आले आणि त्यांनी तिकिटाचा दर शंभर डॉलरपार नेला. पण त्यावरून दुसरा भाग सिद्ध होत नाही. हे सगळे विशीतही पैशासाठी, निदान पैशासाठीसुद्धा, वाजवत होते. जीव जातो तो पुनरावृत्तीने. ‘द पोलीस’ २००७च्या मे महिन्यात व्हँकुव्हरला परत उभे राहिले. दुसऱ्याच रात्रीनंतर त्यांच्या ड्रमरने, स्टुअर्ट कोपलंडने, आपण किती वाईट वाजवलं हे स्वतःच जाहीर लिहून टाकलं. सुरुवाती चुकल्या, तिघे एकमेकांपासून अर्ध्या आवर्तनाने सुटले, असा सगळा तपशील. तो मजकूर वाचून पुष्कळांनी दौऱ्याला मोडीत काढलं. माझ्या दृष्टीने तो त्या दौऱ्यातला सर्वांत आश्वासक क्षण होता, कारण तिघांना अजून एकमेकांचं ऐकू येत होतं, आणि चुकल्याचं दुःख होत होतं. पुढे सुमारे दीडशे कार्यक्रम झाले, ३५ कोटी डॉलरांहून अधिक जमा झाले, चुका गेल्या, सगळं घट्ट बसलं. ऑगस्ट २००८मध्ये दौरा संपला तेव्हा तिघांपैकी कुणालाही एकही नवं गाणं करावंसं वाटलं नव्हतं. ‘स्टोन्स’चं उदाहरण माझ्याविरुद्ध देता येईल, ते साठ वर्षं दौरे करताहेत. पण ते कधी विखुरलेच नाहीत. त्यांचं एकमेकांचं ऐकणं खंडित झालं नाही, त्यामुळे ते परत मिळवण्याचा प्रश्न त्यांना पडला नाही.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. तो असा की मंचावर काही परत येतच नाही. जोर प्रेक्षकांचा असतो, त्यांच्या आठवणींचा असतो, आणि म्हातारे वादक फक्त निमित्त. या म्हणण्याची परीक्षा घेण्याची सोय आता झाली आहे. ‘ॲबा’ रॉक बँड नव्हे, पण पुनर्भेटीच्या दौऱ्यासाठी त्यांना चालून आलेला अब्ज डॉलरचा प्रस्ताव त्यांनी नाकारल्याचं प्रसिद्ध आहे. मग २०२२च्या मे महिन्यात लंडनमध्ये त्यांनी स्वतःच्या १९७९च्या रूपातल्या डिजिटल प्रतिमा मंचावर आणल्या. सत्तरीतल्या चौघांनी पाच आठवडे अंगाला संवेदक लावून हालचाली टिपून दिल्या, आणि त्या हालचालींवर यंत्राने तारुण्य चढवलं. प्रेक्षक रडतात, नाचतात, पुन्हा तिकीट काढतात. तर मग आक्षेप सिद्ध झाला? मला वाटतं, उलट झालं. कारण तिथेही प्रतिमांच्या बाजूला दहा जिवंत वादकांचा ताफा बसवावा लागला. तरुण चेहरे यंत्राला देता आले. एकमेकांकडे बघत वाजवणं मात्र माणसांकडूनच घ्यावं लागलं. आणि ‘ओएसिस’ जुलै २०२५मध्ये कार्डिफला परत उभे राहिले तेव्हा समोर जी गर्दी होती तिच्यातल्या कित्येकांचा जन्म त्यांच्या ऐन भराच्या काळानंतरचा. त्यांच्याकडे त्या काळाच्या स्वतःच्या आठवणी नव्हत्याच. तरीही ते पेटले. कशावर पेटले? समोर जे वाजत होतं त्यावर, असंच म्हणावं लागतं.

आठवणीवर न जगण्याचा एक मार्ग म्हणजे नवं काही करणं. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ने तो धरला. १९८४ साली ‘रॉक मशीन’ म्हणून सुरू झालेला हा बँड १९९७मध्ये थांबला आणि २०१०मध्ये उदय बेनेगल, महेश टिनायकर आणि झुबिन बालापोरिया यांनी तो पुन्हा उभा केला. बेस आणि ड्रमवर त्यांनी पुढच्या पिढीचे वादक घेतले आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला. जुनी गाणी वाजवून घरी जाणं त्यांना सहज शक्य होतं, लोकांची तक्रारही नसती. नवं गाणं घेऊन उभं राहिलं की समोरच्याला ते आवडेल की नाही याची खात्री नसते, आणि विशीत ते ज्या अनिश्चितीत रोज उभे असत तीच पुन्हा अंगावर येते. इथेही ड्रमवर तरुण माणूस आहे, हे सोडून पुढे जाता येत नाही.

याच वाटेने पाहत गेलं तर मुलं दिसू लागतात. जेसन बॉनम तर आहेच. ‘द साँग रिमेन्स द सेम’ या १९७६च्या चित्रपटात तो चिमुकल्या ड्रमसंचावर वडिलांसमोर बडवताना दिसतो. ‘व्हॅन हेलन’ २००७मध्ये मूळ गायक डेव्हिड ली रॉथला घेऊन परत निघाले तेव्हा बेसवर गिटारवाल्या एडी व्हॅन हेलनचा सोळा वर्षांचा मुलगा वुल्फगँग होता. ग्लेन फ्राय २०१६मध्ये गेल्यावर ‘ईगल्स’मध्ये त्याचा मुलगा डीकन आला. ‘द हू’च्या ड्रमवर १९९६पासून रिंगो स्टारचा मुलगा झॅक स्टार्की बसला; त्याला पोरवयात ड्रमसंच दिला होता तो ‘द हू’च्याच कीथ मूनने. उतारवयातल्या त्या बँडमध्ये जी धग होती तिचं श्रेय मी झॅकला देतो, आणि २०२५मध्ये त्याला काढलं, परत घेतलं, पुन्हा काढलं, हे मला फार लागलं. आणि ‘जेनेसिस’. पाठीच्या आणि नसांच्या दुखण्याने फिल कॉलिन्सच्या हातून काठ्या सुटल्या होत्या. २०२१-२२च्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून गायला आणि मागे त्याचा विशीतला मुलगा निक ड्रम वाजवत होता. शेवटचा कार्यक्रम २६ मार्च २०२२ला ओटूमध्येच झाला. फिलाडेल्फियात चौतिसाव्या वर्षी अनोळखी गाण्यात चाचपडणारा हाच माणूस एकाहत्तराव्या वर्षी, काठी न धरता, मुलाच्या ठेक्यावर स्वतःची गाणी गात होता. बसून गाणं ही रॉकची मानहानी असं ज्यांना वाटतं त्यांनी बी. बी. किंगकडे पाहावं, उतारवयात तो वर्षानुवर्षं खुर्चीत बसून वाजवत राहिला आणि ब्लूज ऐकणाऱ्यांना त्यात काही गैर दिसलं नाही. रॉक निघालं ब्लूजमधूनच. खुर्ची त्या घरात आधीपासून होती.

तरी मुलं आणणं हेच उत्तर आहे, असं म्हणायला माझं मन घेत नाही, आणि त्याचं कारण सबाथचा मूळ ड्रमर बिल वॉर्ड. तो जॅझ ड्रमर जीन क्रुपाला ऐकत ड्रम शिकला. सबाथच्या जड गिटारखाली तो जो ठेका धरतो त्यात झोल आहे. तो काळ मोजत नाही, आयोमीच्या वाक्याला उत्तर देतो, कधी मागे राहतो, कधी अंगावर येतो. १९९७मध्ये चौघे परत जमले, पुढच्या वर्षी वॉर्डला हृदयविकाराचा झटका आला. २०१२मध्ये पुन्हा एकत्र यायची वेळ आली तेव्हा करारावरून फिसकटलं आणि तो बाहेर पडला. तो शरीराने हे पेलू शकला नसता, असं ओझीने पुढे उघडपणे सांगितलं. त्याच्या जागी दौऱ्यावर टॉमी क्लुफेटोस हा तरुण ड्रमर आला. ४ फेब्रुवारी २०१७ला बर्मिंगहॅममध्ये ‘दि एंड’ या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि क्लुफेटोसने तो निर्दोष वाजवला. ताकद, वेग, अचूकता, तरुण म्हणून जे जे मागावं ते सगळं त्या ठेक्यात होतं. आठ वर्षांनी व्हिला पार्कवर सत्त्याहत्तर वर्षांचा वॉर्ड अंगातला शर्ट काढून बसला आणि त्याच्या ठेक्यात यातलं पुष्कळसं नव्हतं. पण आयोमी वाजवताना पुन्हा ड्रमकडे वळून पाहायला लागला होता, जसा पेज जेसनकडे पाहत होता. मोजायचं झालं तर मी २०१७ला अधिक गुण देईन. ऐकायचं झालं तर २०२५. म्हणजे माझ्या युक्तिवादातला अर्धा भाग, तो ऐकण्याचा, टिकतो. पण जोर परत येतो हे म्हणणं वॉर्डपाशी पुरं पडत नाही. तिथे जे आलं ते विशीतलं नव्हतं, आणि विशीतल्या सबाथमध्ये ते असणं शक्यही नव्हतं.

त्यामुळे २०१३चा ‘थर्टीन’ हा अल्बम मला अजूनही सुखाने ऐकता येत नाही. १९७८नंतर ओझीसह झालेला तो सबाथचा पहिला स्टुडिओ अल्बम, आणि शेवटचाही. तिघे जुने आहेत, रिफ जुन्या ताकदीच्या आहेत, ड्रमवर ब्रॅड विल्क आहे आणि त्याच्या वादनात दोष काढायला जागा नाही. वॉर्ड तेव्हा पासष्टीच्या आत होता, वाजवायला तयार होता. शहरोशहरीचा लांब दौरा त्याला झेपला नसता हे मी मान्य करतो. पण स्टुडिओत शहरं फिरावी लागत नाहीत. थकल्यावर थांबता येतं, उद्या पुन्हा बसता येतं. तिथे तो हवा होता.